एशियाडचे चार आणे आणि दीड लाखाचा फोन

वाचकाचं पत्र: आज्याच्या लोखंडी पेटीत १९८२च्या एशियाडची पंचवीस पैशांची अकरा आणि दोन रुपयांची तीन नाणी सापडली. चार नाणी भांडी घासायच्या पावडरीनं घासून चकाचक केली. एका व्हिडिओखालच्या नंबरवर फोटो पाठवले, तर 'दीड लाख मिळतील' म्हणून फोन आला. नोंदणीचे १,२५० रुपये भरले, आता जीएसटीचे ५,६०० मागताहेत. आठवडी बाजारात एकानं १९८३च्या विश्वचषकाचं चांदीचं नाणं दाखवलं, ते घ्यावं का? मी तालमीत जातो, हॉकीचंही वेड आहे. महिन्याला पाचशे रुपये बाजूला पडतील. खेळांची नाणी जमवायची तर सुरुवात कुठून करू? जास्तीची नाणी विकून टाकू का? – एक वाचक, उदगीर

उत्तर:

आधी फोनचं बघू, कारण तिथे पैसे अजून जाऊ शकतात. ५,६०० मुळीच भरू नका. जुनी नाणी विकत घेणारा खरा माणूस तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपलं नाव वापरून लोकांकडून शुल्क, कमिशन किंवा कर उकळला जातोय, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्येच दिला होता. बँक असे व्यवहार करत नाही आणि कुणाला तसा अधिकारही देत नाही, हेही तिनं तेव्हाच सांगितलं. त्यामुळे उद्या त्या माणसानं रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्र पाठवलं तर ते बनावट समजा. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा आणि ज्या खात्यातून पैसे गेले त्या बँकेला कळवा. व्यवहाराचा क्रमांक आणि संदेशांचे स्क्रीनशॉट पुसू नका. गेलेले परत मिळतीलच असं नाही, पण जितक्या लवकर कळवाल तितकी आशा जास्त.

दीड लाख का मिळणार नाहीत तेही सांगतो. एशियाडची पंचवीस पैसे आणि दोन रुपये ही नाणी चलनासाठीच पाडलेली होती, म्हणजे मुबलक. एस.टी.ची 'एशियाड' ज्या स्पर्धेवरून आली तीच ही, १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२, दिल्ली. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११पासून चलनातून बाद झाली. लोकांनी ती डब्यात टाकली आणि विसरले, म्हणून आजही ढिगानं निघतात. वापरात झिजलेल्या अशा नाण्याला संग्राहक किरकोळ रक्कम देतो. चकाकी शाबूत असलेल्या कोऱ्या नाण्याला बऱ्यापैकी जास्त देतो, पण तिथेही लाखाची भाषा नाही.

म्हणूनच घासण्याचा विषय महत्त्वाचा. नाणं पाडताना साच्याच्या दाबानं धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उठतात. कोऱ्या नाण्याची झळाळी या रेषांतून येते. बल्बखाली नाणं हळूहळू फिरवलं की उजेडाचा एक पट्टा त्यावरून गोल फिरताना दिसतो. घासलेल्या नाण्यावर तो पट्टा फिरत नाही. सगळीकडे सारखीच, स्टीलच्या ताटासारखी चमक येते आणि भिंगाखाली एकाच दिशेचे ओरखडे दिसतात. पावडर असो, चिंच, लिंबू, राख किंवा टूथपेस्ट, प्रत्येकानं वरचा थर जातो आणि गेलेला थर कशानंच परत येत नाही. ती चार नाणी टाकू नका, जागा भरायला ठेवा. बाकीच्या दहांना मात्र हात लावू नका.

हात लावू नका म्हणजे मळ तसाच ठेवायचा असं नाही. तेलकट, चिकट थर किंवा प्लास्टिकचा हिरवट चिकटा असेल तर ॲसिटोन चालतं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन आणा; नेलपॉलिश काढायच्या बाटलीत रंग, तेल आणि सुवास मिसळलेला असतो, ते नको. शंभर मिली पुष्कळ झालं. दोन काचेच्या वाट्या घ्या, प्लास्टिकची वाटी ॲसिटोननं विरघळू शकते. पहिल्या वाटीत नाणं दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग कडेला धरून उचला आणि दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये दोन मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर मऊ सुती कपड्यावर नुसतं ठेवा, ॲसिटोन आपोआप उडून जातं. पुसायचं नाही. खिडकी उघडी ठेवा, आणि हे काम स्वयंपाकघरात तर करूच नका, ॲसिटोनची वाफ लांबच्या ज्योतीलाही पेट घेते. धातूला लागलेला हिरवा गंज यानं निघत नाही. तो खरवडायला जाल तर खाली खड्डा पडलेला दिसेल, तेव्हा तसाच राहू द्या.

नाणी बोअरच्या पाण्यात धुऊ नका. आपल्याकडच्या पाण्यात क्षार इतके असतात की बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते, तेच डाग नाण्यावर वाळून बसतात. पाणी लागलंच तर बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या. तिथे ॲसिडही विकतात, बाटलीवरचं नाव वाचून घ्या.

आता बाजारातलं १९८३चं 'चांदीचं नाणं'. तो विश्वचषक जिंकल्याबद्दल भारत सरकारनं नाणं काढलेलं नाही. तुम्हाला दाखवलं ते फार तर खाजगी पदक असेल. हा फरक ओळखायला सोपा आहे. सरकारी नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंह असतात, हिंदी आणि इंग्रजीत देशाचं नाव असतं, आणि मुख्य म्हणजे रुपयात किंवा पैशात मूल्य लिहिलेलं असतं. मूल्य नाही ते नाणंच नाही, मग त्यावर कपिल देव असो की लक्ष्मी. मूल्य असूनही शंका वाटली तर राजपत्र बघा. प्रत्येक स्मारक नाण्यासाठी केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं. त्यात धातू, वजन, व्यास, कडेचे दाते आणि दोन्ही बाजूंची नक्षी लिहिलेली असते. राजपत्र इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. विक्रेत्याला 'याची अधिसूचना कधीची?' एवढंच विचारा, बरेच जण तिथेच विषय बदलतात. पदक खरंच चांदीचं असेल आणि त्या दिवशीच्या चांदीच्या भावानं मिळत असेल तर चांदी म्हणून घ्या. तेही सराफाच्या काट्यावर तपासून.

संग्रहाचं म्हणाल तर आमचं मत स्पष्ट आहे. भारताची खेळांवरची चलनी नाणी मोजकीच आहेत. त्यांचा फडशा दोन-तीन महिन्यांत पडतो आणि मग माणूस मिळेल ते गोळा करायला लागतो. तुम्ही तसं करू नका. थोडी नाणी घ्या पण चांगल्या प्रतीची घ्या, आणि पुढचा रस्ता तुम्हाला कळणाऱ्या खेळानंच ठरू द्या. तुमच्याकडे कुस्ती आणि हॉकी दोन्ही आहेत, हे तर फारच सोयीचं.

पहिली पायरी घरातलीच. एशियाडच्या नाण्यावर दिल्लीच्या जंतरमंतरमधलं मिश्र यंत्र आणि त्यावरचा सूर्य, हे स्पर्धेचं बोधचिन्ह आहे. पंचवीस पैसे तांबे-निकेलचं, अडीच ग्रॅम, १९ मिमी. दोन रुपये त्याच धातूचं, गोल, ८ ग्रॅम, २८ मिमी. हाताला जड लागतं. पुढे दोन रुपये हलकं आणि अकरा कोनांचं झालं, म्हणून ओळखायला चुकत नाही. तुमची चौदाही नाणी काढून सालाखाली भिंगातून बघा. हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता. हिरा झिजला की ठिपक्यासारखा दिसतो आणि नवखे त्याला नोएडा समजतात. नोएडाची टांकसाळ सुरूच झाली १९८८ला, तेव्हा १९८२च्या नाण्यावर तिची खूण असणं शक्य नाही. प्रत्येक टांकसाळीचं तुमच्याकडे असलेलं सगळ्यात चांगलं एक नाणं बाजूला काढा, उरतील ती अदलाबदलीला.

एशियाडची दहा आणि शंभर रुपयांचीही नाणी निघाली होती, शंभराचं चांदीचं. ही संग्राहकांसाठी, संचात विकलेली. संचातल्या 'प्रूफ' नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी आणि नक्षी धुकट असते. मुंबईच्या त्या काळच्या प्रूफवर 'बी' हे इंग्रजी अक्षर असतं. प्रूफवर बोट टेकलं तर ठसा काही महिन्यांत तपकिरी होऊन बसतो, म्हणून डबीबाहेर काढायची हौस आवरा.

दुसरा भारतीय टप्पा २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेचा: दोन रुपये, पाच रुपये आणि चांदीचं शंभर. दोन रुपये स्टीलचं, २७ मिमी. पाच रुपये निकेल-पितळेचं, २३ मिमी. पहिली दोन्ही अजून गल्ल्यात सापडतात. किराणा दुकानदाराला किंवा रसवंतीवाल्याला सांगून ठेवा, दर्शनी किमतीत काम होतं. जवळ चुंबक ठेवलं तर दोन रुपये चिकटेल, पाच चिकटणार नाही. एशियाडची तांबे-निकेलची नाणीही चिकटत नाहीत. उलटं झालं तर काहीतरी गडबड आहे. २०१५चं योग दिनाचं दहा रुपये काही जण खेळात धरतात, काही जण धरत नाहीत. आखाड्यातला माणूस बहुतेक धरेल.

शंभराचं चांदीचं नाणं घ्यायचं ठरलं तर महिन्याच्या पाचशेतून लगेच जमणार नाही, पण घ्याल तेव्हा तपासून घ्या. वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिमी, धातू निम्मा चांदी, ४० टक्के तांबं, निकेल आणि जस्त प्रत्येकी ५ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅम. त्या दिवशीच्या ग्रॅमच्या भावाला १७.५नं गुणलं की किमतीचा तळ कळतो. त्यावर जे मागतात ते नाणेपणाचे पैसे. नुसतं वजन जुळल्यानं समाधान मानू नका, तांबे-निकेलचं बनावटही ३५ ग्रॅमचं करता येतं. पाण्याची कसोटी घ्या. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या डिजिटल काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा, तळाला आणि काचेला टेकू देऊ नका, बुडबुडे चिकटले असतील तर हलवून घालवा. काटा ३.६७च्या आसपास थांबला तर धातू जुळतो. तांबे-निकेल असेल तर ३.९च्या वर जाईल. ही कसोटी सुट्या नाण्यासाठी आहे. डबीबंद प्रूफ यासाठी उघडायचं नाही, ते बिलासकट आणि टांकसाळीच्या मूळ वेष्टनासकट मिळत असेल तरच घ्यायचं.

चांदीची सुटी नाणी स्वस्तात मिळायची जागा म्हणजे सराफाची मोड. लोक जुने दागिने मोडीत घालतात त्यात देशी-परदेशी नाणीही येतात. लातूरच्या गंजगोलाईत, नांदेडला किंवा उदगीरलाच ओळखीच्या सराफाला सांगून ठेवा की नाणं आलं तर आटवण्याआधी दाखवा. आपल्या भागात त्यातून निजामाची चारमिनार छापाचीच जास्त निघतील. ती घेण्याचा मोह होईल. तो वेगळा संग्रह आहे आणि त्याची वही वेगळी.

आता परदेशी. इथे तुमचं हॉकीचं वेड कामाला येतं. आधुनिक ऑलिम्पिकवरचं पहिलं नाणं फिनलंडचं, ५०० मार्का, हेलसिंकी १९५२. एका बाजूला पाच कड्या, दुसरीकडे पानांच्या चक्रात मूल्य. १२ ग्रॅम, ३२ मिमी, निम्मी चांदी. त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि हॉकीत आपण सुवर्ण जिंकलं. तुमच्या वहीचं पहिलं परदेशी पान याहून योग्य असूच शकत नाही. साल मात्र नीट बघा: १९५१ छापाची फार थोडी निघाली आणि महाग आहेत, १९५२ची पुष्कळ. सुरुवातीला १९५२चंच घ्या. १९५१चं कुणी स्वस्तात देतोय म्हटलं तर शेवटच्या आकड्याला भिंग लावा.

हेलसिंकीनंतर उन्हाळी ऑलिम्पिकचं नाणं थेट टोकियोला, १९६४. त्यातलं १०० येनचं चांदीचं (४.८ ग्रॅम, ६० टक्के) इतक्या संख्येनं निघालं की पाचशेच्या बजेटमध्ये शोधायला हरकत नाही. तिथे हॉकीत सुवर्ण. मग मेक्सिको १९६८चं २५ पेसो, त्यावर चेंडू खेळणारा प्राचीन खेळाडू, साडेबावीस ग्रॅम, ७२ टक्के चांदी, हॉकीत कांस्य. म्युनिक १९७२ची १० मार्कची नाणी साडेपंधरा ग्रॅमची, हॉकीत पुन्हा कांस्य. यांची एक गंमत आहे. पहिल्या छापात 'जर्मनीत' असं लिहिलं होतं, त्यावर पूर्व जर्मनीनं हरकत घेतली आणि पुढच्या छापांत 'म्युनिकमध्ये' झालं. दोन्ही शेजारी लावली की तो सगळा काळ दिसतो. आणि मॉस्को १९८०, आपलं हॉकीतलं आठवं सुवर्ण. तिथली एक रूबलची सहा नाणी तांबे-निकेलची, ३१ मिमी, चांदी नसल्यानं खिशाला परवडणारी. १९७८च्या क्रेमलिनच्या नाण्यावर मनोऱ्याचं घड्याळ भिंगातून बघा, काही नाण्यांवर चारच्या जागी रोमन सहा आहे.

कुस्तीसाठी ब्रिटनचं ५० पेन्स. लंडन २०१२साठी २०११ साली २९ खेळांची २९ नाणी निघाली, सातकोनी, ८ ग्रॅम, २७.३ मिमी. त्यात कुस्तीचं ११,२९,५०० पाडलं गेलं, म्हणजे त्या मालिकेतल्या कमी संख्येच्या नाण्यांपैकी एक. फूटबॉलचं थोडं अजून कमी, ११,२५,५००. म्हणून कुस्तीचं वापरलेलं नाणंच घ्या, कोऱ्यासाठी दुप्पट-तिप्पट मोजण्यात अर्थ नाही. जलतरणाच्या नाण्यात चेहऱ्यावरून पाण्याच्या रेषा जाणारा एक दुर्मीळ छाप आहे. त्याच्या मागे आत्ता लागू नका, नकला खूप. बर्मिंगहॅम २०२२ राष्ट्रकुल स्पर्धेचं ५० पेन्स मात्र जरूर ठेवा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं तिथे ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य जिंकलं, आपल्या मराठवाड्याचा संग्रह त्याशिवाय कसा? क्रिकेटचं हवंच असेल तर श्रीलंकेचं १९९९चं पाच रुपये स्वस्त आहे, १९९६च्या विश्वविजयाचं.

परदेशातून थेट मागवणं सध्या टाळा. टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून पाचशेच्या नाण्याचे हजार होतात. पुणे, मुंबई, हैदराबादच्या नाणे प्रदर्शनांत परदेशी नाण्यांच्या पेट्याच्या पेट्या असतात, तिथे हातात घेऊन निवडता येतं. हैदराबाद तुम्हाला जवळच आहे, सैफाबादच्या जुन्या टांकसाळीत आता संग्रहालय आहे, तेही बघून या. नव्या भारतीय स्मारक नाण्यांसाठी टांकसाळीच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पैसे आधी जातात, नाणं काही महिन्यांनी येतं. भाव ठरवताना विक्रेत्यानं मागितलेली किंमत धरू नका, लिलावात प्रत्यक्ष गेलेली धरा.

ठेवायचं कसं, हे थोडक्यात. मऊ, नव्या रेनकोटसारखा वास येणारा अल्बम पीव्हीसीचा असतो, तोच वर सांगितलेला हिरवट चिकटा सोडतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या: पंचवीस पैशाला २० मिमी खिडकीचा, २०१०च्या पाचला २५, दोनला २७.५, एशियाडच्या दोनला ३०. स्टेपल मारल्यावर तिचे पाय पकडीनं दाबून सपाट करा, नाहीतर अल्बममध्ये शेजारच्या नाण्याला ओरखडा. रबर बँड आणि वर्तमानपत्र चांदीला काळं करतात. डांबराच्या गोळ्या त्या कपाटात नकोत. उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली टाळा, धूळ आणि गरमी दोन्ही. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात निळ्या सिलिका जेलची ५० ग्रॅमची पुडी टाका. दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर परत निळे होईस्तोवर गरम करा. त्या तव्यावर पुन्हा भाकरी नको.

आणि जास्तीची पंचवीस पैशांची विकू नका, त्यांचे हातात काही येणार नाही. तुमच्या पेटीत सगळी मुंबईचीच निघाली तर त्यातली दोन देऊन हैदराबादच्या चांदणीचं एक मिळतंय का बघा. अशी अदलाबदल संग्राहक खुशीनं करतात, फक्त समोरच्याला घासलेलं नाणं देऊ नका.